गिऱ्हाइकं दार वाजवतात

१

जाहिरात मीच लिहिली होती. 'मोटरहोम विकणे आहे. एकाच मालकाची, कमी चाललेली. दोघांच्या झोपण्याची सोय, ओटा, संडास-बाथरूम. फक्त सहलींसाठी वापरली.' यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं, बाकी अक्षर न् अक्षर खरं.

गाडीवाल्यांचं खोटं पकडण्यावरच मी एकतीस वर्षं पोट भरलं. विमा कंपनीत सर्व्हेअर होतो. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, कुठे पत्रा सरळ केलाय, कुठे पुट्टी भरून वर रंग मारलाय ते बोटाने चाचपून सांगायचं, एवढंच काम. नव्याने भरती झालेल्यांना मी ऐटीत सांगायचो, की माणूस जे लपवतो ते जरा जास्तच चकचकीत करून ठेवतो, म्हणून जिथे चकाकी दिसेल तिथे बघा.

आणि आता निवृत्त झाल्यावर माझ्याच गाडीच्या मागच्या दारावर मी बाहेरून स्क्रूची चार भोकं बुजवत बसलो होतो. पुट्टी, पॉलिशपेपर, रंगाचे तीन हात. दाराच्या आतल्या बाजूला स्टीलच्या पेल्याच्या कडेने पडलेले अर्धगोल वण होते, खूप होते. तेही घासून काढले. शेवटी डोळे मिटून बोट फिरवलं. मलाही काही लागलं नाही. एरवी या कामाचा अभिमान वाटला असता.

मोठी बहीण, ताई, वीस दिवसांनी येणार होती. दोन वर्षांत, आई गेली तेव्हाही, तिचं येणं झालं नव्हतं. फोनवर म्हणाली, "ती गाडी आहे ना रे अजून? या वेळी मला त्यात बसवून हिंडव. आणि आई घरात कुठे झोपायची, बसायची, सगळं मला बघायचंय."

फोन ठेवल्यावर बायको घड्या घालता घालता म्हणाली, "त्या यायच्या आत ती गाडी अंगणातून गेली पाहिजे." माझ्याकडे तिने बघितलं नाही. त्या उन्हाळ्यापासून आम्ही एकमेकांकडे कामापुरतंच बघतो.

२

गाडी विकायला काढली की जगात किती रिकामटेकडी माणसं आहेत ते कळतं. पहिले चार दिवस नुसते फोन. "लास्ट किती?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, गाडी बघितलेली नाही, थेट लास्ट किती. एकाने निम्म्याला मागितली आणि मी नाही म्हटल्यावर मलाच विचारलं, "मग विकायची नाहीये का तुम्हाला?" एक कुटुंब आलं, सात माणसं. प्रत्येकाने स्टिअरिंगवर बसून फोटो काढले, आमच्याकडे चहा घेतला, जाताना म्हणाले, "आम्ही जीप घ्यायच्या विचारात आहोत."

मग आला ड्रायव्हिंग स्कूलवाला. पोट असं, की सीटबेल्टने हात टेकावेत. पण माणूस कामाचा होता. गाडीखाली पाठीवर सरपटत गेला, चेसिस ठोकून बघितली, तेलकट होऊन बाहेर आला. मग कपडे झटकून मागच्या दाराशी गेला आणि बोटाच्या पेराने दार दोनदा वाजवलं.

मान जराशी तिरकी करून तो थांबला. मग हळूच दार उघडून आत गेला.

"आत कुणी नाही हो," मी हसत म्हटलं.

"अं? हो हो. सवय." तोही हसला. हाताकडे बघून थोडा ओशाळलाही. गाडी त्याने घेतली नाही. म्हणाला, रंग पसंत नाही.

दुसऱ्या दिवशी एक मास्तर आणि मास्तरीणबाई आल्या, चाळीस प्रश्नांची यादी घेऊन. पाण्याची टाकी किती लिटरची, काच कोणत्या कंपनीची. सव्विसाव्या प्रश्नाशी आम्ही मागच्या दाराजवळ पोचलो. बाईंनी यादी काखेत धरली आणि दार वाजवलं. टकटक. थांबल्या. नवऱ्याला डोळ्यांनीच 'थांबा जरा' म्हणाल्या. मग दोघं चपला काढून आत गेली.

चपला काढा म्हणून मी सांगितलं नव्हतं.

३

मी स्वतःची समजूत काढली. एकतीस वर्षं कारण शोधायची सवय आहे, ती कुठे जाते! दाराला पायरी आहे, मूठ आहे, खिडकीला पडदा आहे. घरासारखं दिसतं म्हणून लोक घरासारखं वागतात. चांगल्या वळणाची माणसं आहेत, झालं.

तरी मी खडा टाकून बघायचं ठरवलं. पुढचा माणूस लग्नाचे फोटो काढणारा होता, बडबड्या, शिट्टी वाजवत आलेला. तो यायच्या आधी मी मागचं दार सताड उघडून ठेवलं. पडदाही सरकवला. आत उजेड, रिकामी गादी, रिकामा ओटा, सगळं बाहेरून दिसत होतं.

तो पायरीपाशी आला. शिट्टी थांबली. हात लांब करून, पार मागे टेकलेल्या त्या उघड्या दारावर त्याने टकटक केलं.

आत गेल्यावर तो माझ्याशी कुजबुजत बोलायला लागला. "झोपायला किती जणांना होते?"

"दोघांना. मोठ्याने बोला की."

"हो," तो म्हणाला, पुन्हा कुजबुजतच. निघताना वाकून बाहेर पडला आणि हाताने दार धरून उभा राहिला, आपल्या मागून कुणी येत असलं की आपण धरतो तसं. दोन-तीन सेकंद. मग सोडलं. त्याला विचारलं, तर त्याला ते आठवेच ना. "मी? कधी?" खोटं बोलणारा माणूस मला कळतो. तो खरं बोलत होता.

तो गेल्यावर मी आत जाऊन बसलो. सहा बाय चारची गादी, सनमायकाचा ओटा, वीतभर उघडणारी खिडकी, कोपऱ्यात मान फिरवणारा छोटा पंखा. सगळीकडे साबणाचा वास, कारण मीच तीनदा धुतली होती. दुपार होती. बाहेर कुणीतरी सायकल पुसत होतं. घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. फक्त मला गादीकडे पाठ करून बसता येईना. तोंड करून बसलो तर तेही जमेना. शेवटी मी उठलो, आणि लाज वाटते सांगायला, दाराशी गेल्यावर मी आधी मूठ फिरवून बघितली, उघडतंय ना.

४

आता सांगून टाकतो. पुढे ढकलून सोपं होणार नाही.

आईला शेवटच्या वर्षी विसरायला व्हायला लागलं. दोनदा ती हमरस्त्यावर जाऊन उभी राहिली. घर आमचं तीन खोल्यांचं. गाडी हौसेने घेतलेली, तीन सहली झाल्या आणि अंगणात पत्र्याखाली उभी राहिली. मी म्हटलं, थोडे दिवस आईला तिथे ठेवू. गादी आहे, संडास आहे, आपण पाच पावलांवर आहोत. बायको म्हणाली, बघा तुम्ही. आई चालत बाहेर जाते म्हणून दाराला बाहेरून कडी मी बसवली. चार स्क्रू.

थोडे दिवस म्हणता म्हणता सात महिने झाले. ताईचा फोन आला की आईला बैठकीत आणून बसवायचो. बोलणं झालं की पुन्हा गाडीत. ताईला वाटायचं, आई आतल्या खोलीत असते. 'असते' असं मी कधी म्हटलं नाही. 'नाही' असंही म्हटलं नाही.

मे महिन्यात माझ्या निवृत्तीच्या कागदांवर सही करणारे साहेब जेवायला यायचे होते. बैठकीत उकडत होतं. मी दुसऱ्या खोलीतून टेबलफॅन आणला, पण भिंतीत प्लगची जागा एकच, आणि तिथे गाडीतल्या पंख्याची वायर लावलेली. ती मी काढली. साहेब गेले की लावू म्हटलं.

दोनच्या सुमारास आईने दार वाजवायला सुरुवात केली. ती रोजच वाजवायची, आम्हाला त्याची सवय झाली होती. त्या दिवशी पेल्याने वाजवत होती. साहेब म्हणाले, "काय हो आवाज?" मी म्हणालो, "शेजारी काम चाललंय." बायको स्वतःच्या ताटात बघत राहिली. साहेबांनी पुन्हा वाढून घेतलं, मग गप्पा, मग पान. मध्ये कधीतरी आवाज थांबला तेव्हा मला बरं वाटलं.

मला बरं वाटलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

पाच वाजता मी कडी काढली. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी मान डोलावली. त्याच्याआधी घरात जाऊन वायर परत लावून आलो होतो, पंखा छान फिरत होता. वायरीचं बायकोलाही माहीत नाही. ताईला मी सांगितलं, झोपेत गेली.

५

नववं गिऱ्हाईक औषधाच्या दुकानाचा मालक. मृदू बोलणारा, टापटीप, आणि सगळ्यांत चिवट. तो भावात घासाघीस करत नव्हता. तो प्रश्न विचारायचा. चार वेळा आला.

पहिल्यांदा टेप घेऊन. दुसऱ्यांदा थर्मामीटर घेऊन, दुपारी दोन वाजता. दार वाजवलं, थांबला, आत खिळ्याला थर्मामीटर अडकवलं आणि तासभर माझ्यासोबत अंगणात उभा राहिला. मग आकडा बघून नाक न मुरडता वहीत लिहिला.

"बराच तापतो पत्रा."

"पंखा लावला की काही नाही," मी म्हणालो.

"वीज कुठून?"

"घरातून वायर."

"आणि समजा कुणी वायर काढली?"

तो सहज विचारत होता. औषधवाला माणूस, त्याला मात्रा चुकली तर काय होईल याचाच विचार करायची सवय. "कोण काढणार?" मी म्हणालो.

"नाही, आपलं विचारलं." त्याने तेही लिहून घेतलं.

तिसऱ्यांदा बायकोला घेऊन आला. बाई दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं. ती दाराशी उभी राहिली, पेरांनी वाजवलं, आणि मग तोच हात दाराच्या कडेवरून खाली आणत नेमका थांबवला. भोकं बुजवलेली होती तिथे. एकतीस वर्षं काम केलेलं माझं बोट जिथे अडलं नाही, तिथे तिचं अडलं.

"इथे कडी बसेल ना?" तिने विचारलं. "बाहेरून?"

"कशाला?"

"सासूबाई आहेत आमच्या," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "रस्त्यावर जातात हो. डोळ्यांत तेल घालून किती बघायचं? दुकान, घर... वाईट नाही आम्ही."

"वाईट कसे असाल," मी म्हणालो. ताई यायला पाच दिवस उरले होते. "बसेल कडी. लाकूड चांगलं आहे तिथे."

६

चौथ्यांदा म्हातारीला घेऊन आले. ती त्यांच्या गाडीत मागे बसली होती, हातात रुमालाची घडी. सुनेने धरून उतरवलं. बुटकी, स्वच्छ, डोळे कुतूहलाने भरलेले. मागच्या दाराशी आली तेव्हा माझं लक्ष तिच्या हाताकडे होतं.

तिने दार वाजवलं नाही. उघड्या दारासमोर उभी राहिली, आत बघून हसली, ओळखीचं माणूस खिडकीत दिसल्यावर हसतात तसं. मग पायरी चढली आणि म्हणाली, "बसते हं जरा."

गादीवर ती मधोमध बसली नाही. कडेला बसली, अंग चोरून, बाजूला जागा ठेवून. आणि गुडघे जरा त्या जागेकडे वळवून हळू आवाजात बोलायला लागली. मध्येच थांबायची, ऐकायची, मान हलवायची. मी खिडकीतून बघत होतो. गादीचा दुसरा भाग मला दिसत नव्हता, पडदा आड येत होता. पडदा बाजूला करायला हात पुरला असता. मी केला नाही.

बाहेर येताना ती माझ्यापाशी थांबली. "तुमच्या आई फार भिडस्त आहेत," ती म्हणाली. "तहान लागली तरी सांगत नाहीत कुणाला."

औषधवाला ओशाळून हसला. "मनावर घेऊ नका. आईचं असंच चालतं."

सून हसली. मीही हसलो. तिघंही हसलो आम्ही, आणि म्हातारी आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

त्या वेळी मला बोलता आलं असतं. सगळं नाही, तर निदान एवढं तरी, की कडी लावू नका. तेही नाही, तर वायर कधी काढू नका. शब्द तोंडाशी आले होते. पण मग त्याने कारण विचारलं असतं, तो विचारणाराच माणूस.

"कागद घरात आहेत," मी म्हणालो. "या, सही करून टाकू."

त्याने मी सांगितलेल्या किमतीला गाडी घेतली, एक पैसा कमी न करता. तासाभराने अंगण रिकामं झालं. पत्र्याखालची जमीन चौकोनी, फिकट दिसत होती. बायकोने बादलीभर पाणी आणून त्यावर ओतलं आणि ती आत गेली.

७

ताई आली. मी आतल्या खोलीत स्वच्छ चादर घालून ठेवली होती, उशाशी आईचा चष्मा. ताई त्या पलंगावर बसली, चादरीवरून हात फिरवला. "इथे ना?"

"हो."

"मला तर जमलं नाही रे काही. तू होतास म्हणून." तिने चष्मा उचलून पुसला. "शेवटपर्यंत तुझ्या नजरेसमोर होती, तेवढंच समाधान आहे बघ मला." तिने माझा हात ओढून स्वतःच्या गालाला लावला. मला तो काढून घ्यावासा वाटत होता. माझा हात घाण होता आणि तिला ते कळत नव्हतं. बायको दारात होती, ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तेव्हा फोन वाजला. औषधवाला.

विकलेल्या गाडीच्या तक्रारी येतातच. गिअर अडतोय, नळ गळतोय. मी मनात उत्तरं तयार करतच फोन उचलला. पण त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता.

"माफ करा, तुम्हाला त्रास देतोय. आई बाहेर येत नाहीये हो."

"कडी अडकली का?" मी हळूच विचारलं.

"कडी लावलेलीच नाही अजून. दार उघडं आहे. ती येतच नाही. काल सकाळपासून पाण्याचा थेंब नाही घेतलेला. म्हणते, ह्यांना अजून कुणी दिलं नाही, मी एकटी कशी पिऊ?" तो थांबला. त्याच्या मागे कुणीतरी रडत होतं, बहुतेक त्याची बायको. "उचलायला गेलो तर गादीला घट्ट धरून बसते. म्हणते, ह्यांचा मुलगा आला की ह्या उठतील, मग मी उठेन. डॉक्टर म्हणाले, असं आणखी एक दिवस चाललं तर... तुम्ही येता का? नुसतं दाराशी उभं राहायचं. तिची समजूत पटेल. अर्ध्या तासाचं काम आहे, मी न्यायला येतो तुम्हाला."

ताई माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावर नुसतं प्रेम. 'कोण?' असं तिने ओठांनी विचारलं.

मी गेलो असतो तर ती म्हणाली असती, मीही येते.

"बरं, येत नसाल तर निदान बोला," तो म्हणाला. "मी फोन तिच्याकडे देतो." पायरी वाजली. तो आत चढला असावा, कारण बाहेरचे आवाज एकदम बंद झाले. म्हातारीचा आवाज आला, कोरडा पडलेला, पण खुशीत. ती माझ्याशी बोलत नव्हती. तोंड दुसरीकडे करून म्हणत होती, "घ्या. आलाय फोन. बोला ना, तोच आहे."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

आईला शेवटी शेवटी फोन धरता यायचा नाही. बोलायची बाजू नाकाशी धरायची. ताईला मग शब्द कमी आणि श्वासच जास्त ऐकू यायचा. सावकाश आत, मध्येच अडकून, मग दोन तुकड्यांत बाहेर.

तो श्वास मी ऐकला. किती वेळ ते माहीत नाही. तो रागावलेला नव्हता. माझ्या बोलण्याची वाट बघत होता. 'आई' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, आणि तिकडे एक तहानलेली म्हातारी उठून पाणी प्यायली असती.

"हॅलो," मी मोठ्याने म्हणालो, ताईला ऐकू जाईल असं. "हॅलो? काही ऐकू येत नाही."

आणि फोन बंद केला.

"कोण होतं रे?" ताईने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.